दारातून कचरा नेणं बंद करून गेटवर ड्रम ठेवायचे का? तुमच्याकडचे अनुभव हवे आहेत

वनाजजवळची

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेवर टाकीची सफाई, रंगकाम, पार्किंगचे पट्टे, आणि शेवटी एक ओळ: 'घरोघरी कचरा संकलन बंद करून प्रवेशद्वाराजवळ ड्रम ठेवणे.' ती ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. सभेत मला दोनच मिनिटं बोलायला मिळतील, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमचे अनुभव कळले तर तेही सभेत सांगता येतील.

आमची इमारत कोथरूडमध्ये, १९८७ सालची. तळमजला धरून चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पौड रस्त्याला पुढे कचरा डेपो होता. पश्चिमेचा वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नव्वदच्या दशकात तो डेपो बंद झाला आणि शहराचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे जायला लागला. आम्ही खिडक्या उघडल्या. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नातवाला घेऊन बसले होते. रिक्षावाल्याला रस्ता सांगताना मात्र माझ्या तोंडात अजून 'कचरा डेपोच्या अलीकडे' असंच येतं.

आमच्याकडे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या एक ताई येतात. बारा वर्षं झाली. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. सकाळी साडेसातला त्यांची ढकलगाडी गेटच्या आत येते. सुरुवात सगळ्यात वरच्या मजल्यापासून. दोन बादल्या, एक ओल्याची, एक सुक्याची. भरल्या की खाली जाऊन रिकाम्या करायच्या, परत वर. सोळा घरांसाठी चार-पाच वेळा जिना होतो. मग पारिजातकाखालच्या फरशीवर पोतं अंथरून त्या सुका कचरा निवडायला बसतात.

मागच्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्याने मी पंधरा दिवस घरीच होते. रोज सकाळी खाली खुर्ची टाकून बसायचे, तेव्हा पहिल्यांदा हे काम नीट पाहिलं. दुधाच्या पिशव्या झटकून एकावर एक. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, वहीचा पांढरा कागद वेगळा, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. पाण्याची बाटली आली की टोपण काढून पायाने चेपायची. चिप्सची आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं कुणी विकत घेत नाही, ती निराळ्या पोत्यात. एके दिवशी त्यांनी एक पिशवी सोडली, तर आत आदल्या रात्रीची आमटी आणि त्या आमटीत दाढीचं ब्लेड. त्यांनी ते दोन बोटांनी अलगद उचललं, कागदात गुंडाळलं, बाजूला ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जुन्या कापल्याच्या तीन रेषा आहेत, त्या मला त्या दिवशी दिसल्या.

पिशवी कुठल्या घरची ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्या दारात उभं राहून म्हणाल्या, "वहिनी, ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं द्या. हाताला लागतं." एवढंच. त्या घरातून पुन्हा ब्लेड पिशवीत आलं नाही. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा व्हायला लागला तो असाच, एकेका दारात बारा वर्षं सांगून सांगून. फलक लावून झाला नाही, तो फलक अजून मीटरच्या खोलीत पडलाय. गेटवरच्या ड्रममध्ये पिशवी पडली की ती कुणाची हे कसं कळणार, आणि सांगायचं कुणाला?

पैशांचाही मुद्दा निघालाय. महिन्याला घरटी जे शुल्क आम्ही देतो ते कोपऱ्यावरच्या दोन मसाला डोशांच्या पैशांहून कमी आहे. ते शुल्क आणि भंगार विकून मिळतं ते, ही त्यांची कमाई. पगार नाही. सभेत कुणी म्हणालं की 'पगार घेतात तर काम करायलाच हवं', तर हे मी आधी सांगणार आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही लिहिते, कारण ते खोटं नाही. साडेसातला निम्मी घरं डबे-दप्तरं-आंघोळीत असतात. काही जण सातलाच बाहेर पडतात, त्यांच्या पिशव्या दाराबाहेर राहतात आणि मांजरी त्या फाडतात. जिन्यात कधी ओल्या कचऱ्याचं पाणी गळतं. ताई गावी गेल्या की दोन-तीन दिवस खोळंबा होतो. तुमच्याकडे कुणी दारावरची पद्धत बंद करून ड्रम ठेवले का? पुढे काय झालं?

फुरसुंगीकर

ताई, तुम्ही खिडक्या उघडल्याचं लिहिलंत, बरं वाटलं. सहसा कुणी लिहीत नाही. त्याच सुमारास आमच्या खिडक्या बंद झाल्या.

मी डेपोपासून दीड-दोन किलोमीटरवर वाढलो. शाळेच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, मागून गळणारं काळं पाणी, त्यावर सायकल घसरायची. आमच्या विहिरीचं पाणी आजोबांनी उन्हाळ्यात आंब्याच्या रोपांना घातलेलं मी पाहिलंय, आणि तीच विहीर पुढे भांडी घासायलाही नको वाटायची. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात माश्या बसू नयेत म्हणून दिवसभर दोन माणसं नुसती पंखे धरून उभी होती. गावानं रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या तेव्हा शहरातल्या बातम्यांत 'पुण्याची कचराकोंडी' असं यायचं. आमची कोंडी कितीतरी आधीची होती.

२०१७ ला गाव शहराच्या हद्दीत गेलं, नंतर बाहेर काढलं, आता उरुळी देवाची-फुरसुंगीची वेगळी नगरपरिषद आहे. कागदावर हद्द तीनदा बदलली. डेपोचा डोंगर जागचा हलला नाही.

माझं म्हणणं एवढंच. ओल्यात सुकं मिसळलं की ते कुणीच निवडू शकत नाही, मग ते कुठल्यातरी गावाच्या अंगणात जाऊन पडतं. तुमच्या ताई पारिजातकाखाली जे निवडून बाजूला काढतात तेवढं आमच्याकडे येत नाही. सभेत हे माझ्या नावाने सांगा.

चिंतामणी_ब_विंग

आमची एकशे वीस सदनिकांची सोसायटी आहे, मी तिथे चार वर्षं सचिव होतो. आम्ही ड्रम ठेवले, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो.

पहिला महिना उत्तम. हिरवा ओल्याला, निळा सुक्याला, वर मोठी अक्षरं. लोक ऑफिसला जाता जाता पिशवी टाकून जायचे, जिने स्वच्छ राहिले, तक्रारी थांबल्या. दुसऱ्या महिन्यात हिरव्या ड्रममध्ये थर्मोकोल दिसायला लागलं. मुलांच्या हातात पिशवी दिली की ज्या ड्रमचं झाकण उघडं असेल त्यात ती जायची. दिवाळीत सगळ्यांनी माळे आवरले आणि निळा ड्रम भरून वाहिला, तर सुकं हिरव्यात. नंतर सफाईसाठी नेमलेल्या मुलाला आम्ही महिना जास्त पैसे देऊन निवडायला बसवलं. तो तीन आठवड्यांत काम सोडून गेला. जाताना त्याने मला हात दाखवले, सगळे फुटले होते.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. दारावरून ओलं रोज, सुकं एक दिवसाआड. ड्रम फक्त बागेचा पाला आणि नारळाच्या करवंट्यांसाठी ठेवले. ड्रम वाईट नाहीत. त्यांच्याशेजारी रोज दोन तास कुणी उभं राहणार असेल तर ते चालतात. तसं माणूस आम्हाला मिळालं नाही.

शेवंती

मी तुमच्या 'दुसऱ्या बाजूची' आहे. सात दहाची बस पकडते, नवरा पाळीवर, सासरे झोपून असतात. ताई येतात तेव्हा दार उघडायला घरात कुणी नसतं. पिशवी बाहेर ठेवली तर शेजारी टोकतात, आत ठेवली तर दोन दिवसांत वास. मग मी रात्री नऊला पिशवी स्कूटरला अडकवून रस्त्यात कुठे कुंडी दिसते का शोधत फिरलेली आहे. सांगायला लाज वाटते, पण हे करणारी मी एकटी नाही.

दारावरची पद्धत हवी म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचं काय करायचं हे आधी सांगावं. सभेत नेमके आमच्यासारखेच लोक ड्रमच्या बाजूने हात वर करतील. आम्हाला कचरा वेगळा करायचा कंटाळा आहे म्हणून नव्हे.

वनाजजवळची

@शेवंती, तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं आहे, तुमच्यासारखंच सातला निघतं. त्यांच्याबद्दल जिन्यात जे बोललं जातं त्यात मीही कधी मान डोलावली आहे. काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांची मागणी साधी निघाली: झाकणाचा डबा दाराबाहेर ठेवायची परवानगी. आमच्या नियमावलीत जिन्यात काहीही ठेवायला बंदी आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांचा डबा उचलून गच्चीवर नेऊन ठेवला होता. तेव्हापासून पिशव्या!

@फुरसुंगीकर, तुमचं म्हणणं शब्द न बदलता वाचून दाखवीन.

मांडवीकाठचा

मी पणजीत राहतो, मूळचा सांगलीचा. इथे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकायची मोहीम झाली आणि दारावरून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा कचरा न्यायला सुरुवात झाली. आता वसाहतींमध्ये सोळा प्रकारांत वर्गीकरण चालतं. सोळा ऐकून लोक घाबरतात, पण घरात सगळे सोळा डबे नसतात. घरात ओलं, सुकं आणि धोक्याचं वेगळं करायचं. बाकीचं वसाहतीच्या कोपऱ्यातल्या खणांत टाकायचं: काच, पत्रा, पुठ्ठा, जुने कपडे, विजेच्या वस्तू, असे वेगवेगळे खण आहेत.

म्हणजे गेटजवळ खण ठेवूनही काम होतं, हा मुद्दा मान्य करायला हवा. पण घरातलं वळण आधी पडलं, खण नंतर आले. आमच्या वसाहतीत पहिलं वर्षभर एक आजी रोज संध्याकाळी खणांजवळ बसायच्या आणि चुकीचं टाकणाऱ्याला हाक मारायच्या. चिंतामणींनी लिहिलेलं उभं राहणारं माणूस आम्हाला असं फुकट मिळालं.

खारं_वारं

वेंगुर्ल्याला जाणं झालं तर नगरपरिषदेची जुनी डम्पिंगची जागा जरूर बघा. जिथे नाक दाबून जायचो तिथे आता बाग आहे, बायोगॅस आहे, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या कामात वापरलेत. शाळेच्या सहली जातात. गाव लहान आहे हे मान्य, पण सुरुवात तिथेही घराघरातून वेगळं घेण्यापासूनच झाली.

लाल_ठिपका

एक विषय राहिला. सॅनिटरी पॅड आणि डायपर. शेवंतीताईंनी सासरे झोपून असल्याचं लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहिते, माझ्या आईला दोन वर्षं मोठ्यांचे डायपर लागत होते.

पहिले काही महिने मी ते काळ्या पिशवीत गाठ मारून इतर कचऱ्यात घालायचे. लाजच तशी होती, बाहेरून कळू नये अशी. पण बाहेरून कळत नाही, म्हणूनच निवडणाऱ्या बाईचा हात थेट आत जातो. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी एकदा हळूच सांगितलं की वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडत नाही. पुण्यात कचरावेचकांनी हीच मोहीम चालवली होती. तेव्हापासून स्वयंपाकघरात रद्दीशेजारी एक लाल स्केचपेन दोरीने बांधलेलं आहे. आई गेली, पेन अजून तिथेच आहे, आता मुलीसाठी.

हे मला कुणी फलकावर लिहून सांगितलं असतं तर मी वाचलंही नसतं. मावशी दारात आल्या, आईची चौकशी केली आणि मग सांगितलं. ड्रम आले असते तर मी आजही काळी पिशवीच टाकत असते.

कलम_वाचक

सभेत उपयोगी पडेल म्हणून नियमांचं थोडं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरातच तीन भाग करणं बंधनकारक केलं गेलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. ही जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली, नेणाऱ्यावर नाही. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देणंही त्यातच आलं. कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यावं असंही त्या नियमांत म्हटलं होतं. म्हणजे 'निवडणं हे त्यांचं काम' असं कुणी म्हणालं तर नियम उलटं सांगतो.

दुसरं, पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देण्याची पद्धत आहे. सोळा घरांचा ओला कचरा तुमच्या मागच्या अंगणात दोन खड्ड्यांत सहज जिरेल. ओलं तिथेच जिरलं तर ताईंच्या बादल्यांचं निम्मं ओझं जाईल. जिन्यात पाणी गळायचा प्रश्नही बराच सुटेल.

आणि थोडा इतिहास. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, डॉ. बाबा आढाव तिच्या उभारणीत होते. कचरा वेचणाऱ्या बायकांना तेव्हा पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची, चोर समजलं जायचं. त्यांच्या ओळखपत्रावर महापालिकेची मोहोर आली, ही पहिली लढाई होती. दारावरून कचरा न्यायचा 'स्वच्छ'चा रीतसर करार २००८ चा. कुंडीत वाकून वेचायचं ते दारात उभं राहून हातात घ्यायचं, इथवर यायला पंधरा वर्षं लागली. तुमच्या सोसायटीचा ठराव झाला तर ताई परत गेटवरच्या ड्रममध्ये वाकणार आहेत. हे सभेत सांगाच.

गुळाचा_चहा

वाचतोय. एक प्रश्न: ताई तासभर निवडायला बसतात तेव्हा पाणी प्यायला आणि बाथरूमला कुठे जातात?

वनाजजवळची

@गुळाचा_चहा, तुमचा प्रश्न वाचून मी खाली गेले आणि त्यांनाच विचारलं. तळमजल्यावर वॉचमनसाठी बांधलेलं स्वच्छतागृह आहे. आमच्याकडे सहा वर्षांपासून वॉचमन नाही, त्याला कुलूप आहे, किल्ली कार्यालयाच्या कपाटात. ताई आमच्यासकट पाच इमारती करतात आणि घरी परतेपर्यंत कुठेच जात नाहीत. म्हणून सकाळी पाणीही पीत नाहीत. बारा वर्षं त्या माझ्या दारात येतात, मी चहा पुष्कळदा विचारला, त्या 'नको' म्हणायच्या, मला वाटायचं संकोच असेल.

आज दुपारी अध्यक्षांकडून किल्ली घेऊन दार उघडलं. नळ चालू आहे. उद्या प्लंबर येऊन कडी बसवेल. यासाठी मी सभेची वाट बघणार नाही.

शेवंती

हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडे वॉचमनची खोली आहे, आजच विचारते.

वनाजजवळची

रविवारची सभा झाली, कळवते.

सोळापैकी चौदा घरांतून लोक आले, रंगकामाच्या वादाला एक तास गेला, शेवटच्या विषयाला नऊ वाजले. मी फुरसुंगीकरांचं वाचून दाखवलं. लग्नाच्या मांडवात पंखे धरून उभ्या राहिलेल्या माणसांपाशी आले तेव्हा समोरची कुजबुज थांबली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने उभं राहून डबा गच्चीवर नेऊन ठेवल्याची गोष्ट सांगितली, शांतपणे. तिला ते कुणी केलं हे माहीत होतं, तिने नाव घेतलं नाही. तेही समोरच बसले होते. ते स्वतःच म्हणाले, "चुकलं आमचं."

ठरलं ते असं. दारावरून नेणं चालू राहील, नऊ विरुद्ध पाच. ज्यांनी विरोधात हात वर केला त्यांच्यापैकी दोघे खतासाठी मागच्या अंगणाचं माप घ्यायला तयार झाले, म्हणून मी त्यांना विरोधक म्हणत नाही. प्रत्येक मजल्याच्या वळणावर भिंतीला एक फळी बसवायची, त्यावर ज्यांना हवं त्यांनी झाकणाचे दोन डबे ठेवायचे. जिन्याच्या नियमात तेवढी सवलत. शुल्क ताईंशी बोलून वाढवायचं, आकडा आपण परस्पर ठरवायचा नाही. त्या सुट्टीवर जातील तेव्हा बदलीवर कोण येणार हे आधी कळवावं, अशी विनंती करायची. हा मुद्दा विरोधातल्या एका काकांचा, आणि रास्त आहे. खताचे खड्डे दिवाळीनंतर.

मीटरच्या खोलीत पडलेला तो जुना फलक काढून त्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लेकाने लाल ठिपक्याचं चित्र काढलंय. तो सध्या तळमजल्यावर लावला आहे.

सकाळी ताईंना सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "फळी किती उंच लावताय? खाली वाकावं लागलं तर कंबर धरते."

चिंतामणी_ब_विंग

छान झालं. कमरेच्या उंचीवर, साधारण अडीच-पावणेतीन फुटांवर लावा. आम्ही एक फूट लावली होती, परत काढावी लागली. आणि फळी लाकडी नको, ओल्याने फुगते. कडप्पा किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या.

वनाजजवळची

उद्या ताई आल्या की त्यांनाच जिन्यात उभं करून भिंतीवर खडूने खूण करून घेते, मग सुताराला बोलावते. कडप्प्याचा भाव कुणाला माहीत असेल तर कळवा. चार मजले, चार फळ्या, प्रत्येकी तीन फूट.